अठराव्या अक्षरापासून सुरू होणारा शब्दकोश

आपण 'ऐन वेळी' म्हणतो, 'ऐन दिवाळीत' म्हणतो, 'ऐन तारुण्यात' म्हणतो. (सह्याद्रीत वाढणारं ऐनाचं झाड वेगळं, त्याचा इथे काही संबंध नाही.) हा ऐन अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. अरबीत त्याचा पहिला अर्थ डोळा, दुसरा पाण्याचा झरा आणि तिसरा 'तीच ती वस्तू, नेमकी'. आपण उचलला तो तिसरा. आणि अरबी वर्णमालेतल्या एका अक्षराचं नावही ऐनच.

दर वर्षी १८ डिसेंबरला जागतिक अरबी भाषा दिन असतो. १९७३ साली याच तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अरबीला आपल्या अधिकृत भाषांमध्ये घेतलं. त्या दिवशीच्या लेखांमध्ये 'किताब अल्-ऐन' या अरबीतल्या पहिल्या मोठ्या शब्दकोशाचा उल्लेख हमखास येतो आणि वाचणारा अडखळतो. डोळ्यांचं पुस्तक? नेत्रवैद्यकाचं काही? नाही, 'ऐन या अक्षराचं पुस्तक'. हे कळलं की पुढची अडचण उभी राहते. अरबी वर्णमाला सुरू होते अलिफपासून, ऐनचा नंबर अठरावा. आपल्याकडे कुणी शब्दकोश 'ध'पासून सुरू केला आणि त्याचं नावही 'ध-कोश' ठेवलं, तर आपण प्रकाशकाला फोन करू. मग बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने असं का केलं असेल?

आधी अक्षराची ओळख

इंग्रजी तीनचा आकडा आरशात धरला की जसा दिसेल, साधारण तसा सुटा लिहिलेला ऐन दिसतो. हे साम्य अरब तरुणांच्या नजरेतून सुटलेलं नाही. मोबाइलवर रोमन अक्षरांत अरबी लिहिताना ऐनच्या जागी ते सरळ तीनचा आकडा टाकतात. त्याचा मूळ आकार मात्र गोल होता, डोळ्याच्या चित्रावरून आलेला. फिनिशियन लोक (आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे प्राचीन व्यापारी) तो गोल काढून ऐनसारखा आवाज लिहीत. ग्रीकांनी त्यांची लिपी उचलली, पण हा आवाज त्यांच्या भाषेत नव्हताच, म्हणून रिकाम्या झालेल्या गोलाला त्यांनी 'ओ' हा स्वर दिला. इंग्रजी वर्णमालेतला 'ओ' तो हाच.

आता आवाज. घसा तपासताना डॉक्टर जिभेवर पट्टी दाबून 'आ' म्हणायला लावतात. तेव्हा पट्टी जरा जास्तच आत गेली की घसा आतून आवळतो. त्या आवळण्यातून आवाज बाहेर काढला की ऐनच्या जवळपास पोचता येतं. आखातात वर्षानुवर्षं नोकरी केलेल्या मराठी माणसांनाही तो सहसा जमत नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. फारसीला जमला नाही, उर्दूलाही जमला नाही. दोघींनी तो लिहिण्यात ठेवला आणि बोलण्यात सोडून दिला.

आपण तर लिहिण्यातही ठेवला नाही, पण त्याच्या खुणा राहिल्या आहेत. शब्दाच्या सुरुवातीचा ऐन आपल्याकडे साधा स्वर झाला: अक्कल, अर्ज, इमारत. मधला ऐन गेला आणि जाताना आधीचा स्वर लांबवून गेला: तारीफ, दावा, ताईत. शेवटचा ऐन 'आ' होऊन बसला: जमा, नफा, मना, किल्ला. जमाखर्चाच्या वहीत 'जमा' लिहिणाऱ्या कारकुनाला तिथे एके काळी घशातलं एक व्यंजन होतं याचा पत्ता नव्हता, आणि असण्याची गरजही नव्हती.

खलीलपुढचा प्रश्न

कोशकाराचं नाव अल्-खलील इब्न अहमद अल्-फराहिदी. कूळ ओमानकडचं, आयुष्य गेलं इराकमधल्या बसऱ्यात. मृत्यूचं साल कुठे इ.स. ७८६ मिळतं तर कुठे ७९१. अरबी छंदशास्त्र बांधलं ते यानेच. अरबी व्याकरणाचा पाया ज्याच्या ग्रंथावर उभा आहे तो सीबवैह याचाच शिष्य. खलीलबद्दल गोष्टी पुष्कळ. तांबट आळीतून जाताना हातोड्यांचे ठोके ऐकून त्याला वृत्तांची कल्पना सुचली, अशी एक. डोक्यात हिशेब चालू असताना मशिदीतल्या खांबावर आदळून तो गेला, अशी दुसरी. खऱ्याखोट्याची खात्री कोण देणार? पण लोकांनी त्याच्याविषयी अशाच गोष्टी रचाव्यात, यावरून माणूस कसा असेल ते कळतं.

त्याच्याआधी शब्द गोळा करणारे होतेच. वाळवंटातल्या टोळ्यांमध्ये जाऊन शब्द ऐकायचे आणि विषयवार याद्या करायच्या, उंटाचे शब्द एकीकडे, पावसाचे दुसरीकडे. आपल्या अमरकोशातले वर्ग तसेच आहेत, आणि शिवाजी महाराजांच्या 'राज्यव्यवहारकोशा'ची मांडणीही विषयवारच. अशा यादीची एक अडचण असते. ती पुरी झाली की नाही, हे कधीच कळत नाही. उद्या एखादा बदाऊन, म्हणजे वाळवंटात भटकणारा अरब, उंटाच्या खोडीसाठी नवा शब्द सांगतो आणि यादी पुन्हा उघडावी लागते.

खलीलने प्रश्न उलटा केला. ऐकलेले शब्द मोजण्याऐवजी, होऊ शकणारे सगळे शब्द आधी मांडायचे आणि मग त्यातला कोणता लोक वापरतात ते तपासायचं. भांडी जमवून मग मांडणी करायची नाही, आधी मांडणीचे सगळे खण करायचे. एखादा खण रिकामा राहिला, तर तो रिकामा आहे एवढं तरी नक्की कळेल.

हे अरबीत जमण्यासारखं होतं, कारण अरबी शब्द धातूंपासून होतात. धातू हा शब्द आपल्याला संस्कृतमुळे ओळखीचा. अरबीत धातू म्हणजे बहुधा तीन व्यंजनांचा सांगाडा. त्यात स्वर भरा, पुढेमागे एखादं अक्षर जोडा, की शब्द तयार. काफ-ते-बे या सांगाड्यापासून किताब, कातिब (लिहिणारा) आणि मक्तब (शाळा, कचेरी) असे शब्द निघतात. धातू दोन, तीन, चार किंवा पाच व्यंजनांचा असतो. अक्षरं २८. मग एकही अक्षर पुन्हा न घेता दोन अक्षरी सांगाडे ७५६ होतात, तीन अक्षरी १९,६५६, चार अक्षरी ४,९१,४०० आणि पाच अक्षरी १,१७,९३,६००. म्हणजे एकूण सव्वा कोटीच्या जरा खाली. गणित शाळेतलंच आहे, पण आठव्या शतकात शब्दकोशासाठी ते वापरावंसं वाटणं ही साधी गोष्ट नाही.

तोंड उघडा आणि म्हणा 'अब्'

खण ठरले, पण ते कोणत्या क्रमाने लावायचे? अलिफ-बे-तेचा प्रचलित क्रम हा दिसण्याचा क्रम आहे. बे, ते, से ही अक्षरं शेजारी बसली आहेत ती आकार एकच आणि फरक फक्त नुक्त्यांचा म्हणून. हे लिहायला शिकणाऱ्या पोरांसाठी ठीक. खलीलला मात्र शब्द कानाने ऐकलेले हवे होते, त्यामुळे क्रमही त्याने कागदाऐवजी तोंडात शोधला.

त्याची रीत त्याच्या ग्रंथात नोंदलेली आहे. तोंड उघडून आधी 'अ' म्हणायचं आणि लगेच हवं ते व्यंजन थांबवून उच्चारायचं. अब्. अत्. अह्. अग्. आत्ताच करून बघा. 'अब्'ला ओठ मिटतात. 'अत्'ला जीभ दातांकडे जाते. 'अक्'ला जिभेचा मागचा भाग टाळ्याला लागतो. स्वर पुढे लावला तर तोंड हलत राहतं आणि नेमकी जागा सापडत नाही, व्यंजनाशी थांबलं की सापडते. या जागेला अरबीत मखरज म्हणतात, म्हणजे बाहेर पडण्याची जागा. आपण तिला उच्चारस्थान म्हणतो.

अशी एकेक जागा चाचपत तो घशापासून ओठांपर्यंत आला. घशातली अक्षरं आधी: ऐन, हे (घोगरा), हे (साधा), खे, गैन. मग पडजिभेजवळचे काफ (खोल) आणि काफ (साधा), मराठीत दोन्ही 'क'च. मग जीम, शीन, दाद. त्यानंतर जिभेच्या शेंड्याची आणि दातांची मंडळी, मग रे-लाम-नून, मग ओठांचे फे-बे-मीम. सगळ्यात शेवटी वाव, अलिफ, ये आणि हमजा. पहिल्या प्रकरणाला ऐनचं प्रकरण म्हणायचं म्हणून सगळा ग्रंथच ऐनचा झाला.

हमजा त्याहून खोल नाही का?

ही शंका रास्त आहे. हमजा म्हणजे घशाचं दार क्षणभर पूर्ण बंद होणं, आणि ती जागा ऐनच्याही खाली आहे. साधा 'ह'सुद्धा तिथलाच. आजचं ध्वनिशास्त्र हेच सांगतं, आणि खलीलला हे कळत नव्हतं असं मानायचं कारण नाही.

नंतरच्या विद्वानांनी त्याचं म्हणून जे उत्तर नोंदवलं आहे ते मला फार आवडतं, कारण ते दुकान मांडणाऱ्या माणसाचं उत्तर आहे. हमजा विश्वासाचा नाही. तो गळतो, बदलतो, त्याचा कधी अलिफ होतो तर कधी वाव. अलिफ शब्दाच्या आरंभी व्यंजन म्हणून उभाच राहत नाही. साधा 'ह' म्हणजे निव्वळ श्वास, त्याला आवाज नाही. उरले ऐन आणि घोगरा 'ह', दोघे एकाच जागेचे. त्यांतला ऐन अधिक खणखणीत, म्हणून मान त्याला. त्या घोगऱ्या 'ह'विषयी ग्रंथात म्हटलं आहे की त्याच्यात घसा बसल्यासारखी घरघर नसती, तर तो ऐनसारखाच वाटला असता. घोषाचा, म्हणजे घशातल्या कंपनाचा, फरक इतक्या घरगुती शब्दांत सांगता येतो, हे पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांनी एकदा पाहावं.

हे आपल्याकडूनच गेलं ना?

मराठी वाचक इथवर आला की हा प्रश्न येणारच. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य, म्हणजे घशाकडून ओठांकडे. क-ख-ग-घ-ङ पासून प-फ-ब-भ-म पर्यंत आपण पहिलीत हेच घोकलं. बसरा हे व्यापाराचं शहर, हिंदुस्थानची जहाजं त्या बाजूला जात. सिंधमध्ये अरब पोचले त्याला तेव्हा काही दशकं झाली होती. म्हणजे संधी होती. म्हणूनच हा वाद विद्वानांमध्येही झाला आहे.

पण नीट पाहिलं तर दोन मांडण्यांमध्ये साम्य आहे ते दिशेचं. आपल्याकडे स्वर आधी येतात, खलीलकडे स्वरांसारखी अक्षरं शेवटी हाकललेली. आपल्याकडे पाच-पाचचे चौकोन आहेत: अघोष, महाप्राण, घोष, पुन्हा महाप्राण, अनुनासिक. खलीलकडे तो चौकोन नाही, नुसती जागा आहे. त्याचा 'न' र-ल यांच्याबरोबर बसतो आणि 'म' ओठांच्या गटात. संस्कृतातून कुणी उचललं असतं तर तो चौकोन मागे ठेवून नुसती दिशा कशाला उचलली असती? संस्कृत ध्वनिशास्त्र त्याच्यापर्यंत पोचल्याचा लेखी पुरावाही नाही. माणसाचं तोंड सगळीकडे सारखंच असतं, आणि घशापासून ओठांपर्यंत वाट एकच आहे. माझा कौल 'स्वतंत्रपणे सुचलं' याच बाजूने.

अक्कल, तालुका आणि किल्ला

आता गंमत पुढे. खलीलने प्रत्येक धातू एकेकटा ठेवला नाही. त्याने तीन अक्षरं घेतली की त्यांच्या सगळ्या अदलाबदली तिथेच संपवायच्या. तीन अक्षरांचे क्रम सहा होतात. त्या सहांपैकी वापरातले 'मुस्तअमल', लोकांनी टाकून दिलेले 'मुहमल', असा शेरा त्याने मारला.

ऐन, काफ (खोल), लाम ही तीन अक्षरं घेऊ. ऐन-काफ-लाम यापासून अक्ल, म्हणजे आपली अक्कल. धातूचा मूळ अर्थ बांधणं. उंट पळू नये म्हणून दुमडलेल्या पायाला जी दोरी बांधतात तिला इकाल म्हणतात. अरबांच्या डोक्यावरच्या रुमालावर जो काळा गोफ दिसतो त्यालाही इकालच म्हणतात. माणसाला उधळू न देणारी दोरी म्हणजे अक्कल.

आता काफ आणि लामची अदलाबदल करू: ऐन-लाम-काफ. अर्थ चिकटणं, लटकणं. जळूला याच धातूवरून शब्द आहे. तअल्लुक म्हणजे संबंध, आणि त्यावरून एखाद्याच्या ताब्याला जोडलेला मुलूख. तोच आपला तालुका.

ऐन शेवटी नेला की काफ-लाम-ऐन. एक अर्थ उपटणं, आणि याच अक्षरांचा कलआ म्हणजे गड, जो आपल्याकडे किल्ला झाला. लाम-ऐन-काफ म्हणजे चाटणं, त्यावरून अरबीत चमच्याला मिलअका म्हणतात. उरलेले दोन क्रमही अरबीत आहेत, त्यांतल्या एकावरून द्राक्षवेलीच्या गळलेल्या मोहोराला शब्द आहे.

म्हणजे तहसील कचेरी, रायगड आणि शहाणपण हे खलीलच्या मांडणीत एकाच खणात. यांच्या अर्थांचा एकमेकांशी नातेसंबंध आहे, असं मात्र तो म्हणत नाही. पुढे काही विद्वानांनी तसंही शोधायचा प्रयत्न केला, पण खलीलसाठी हा फक्त हजेरीपट होता.

याचा एक परिणाम लक्षात घ्या. किल्ला या शब्दात ऐन शेवटी आहे, तरी तो सापडणार ऐनच्या प्रकरणात, कारण तिन्हींत ऐन सर्वांत खोल. ज्या ज्या धातूत कुठेही ऐन आहे ते सगळे पहिल्याच प्रकरणात संपले. दुसऱ्या प्रकरणात फक्त ऐन नसलेले, तिसऱ्यात त्याहून कमी, आणि शेवटच्या अक्षरांच्या वाट्याला पंगतीतल्या शेवटच्या पानासारखं जे उरेल ते. १९८०च्या दशकात बगदादहून हा कोश आठ खंडांत छापला गेला. त्यातले पहिले दोन खंड एकट्या ऐनने अडवले आहेत.

शेजारी एका बाकावर बसत नाहीत

खण मांडल्यावर रिकामे खण दिसू लागले, आणि ते का रिकामे आहेत तेही खलीलच्या लक्षात आलं. ऐन आणि घोगरा 'ह' एकाच अरबी धातूत येत नाहीत, कारण दोघांची जागा इतकी जवळ की एकाकडून दुसऱ्याकडे जाताना घसा अडतो. दोन शब्द जोडले तरच ते एकत्र येतात. अजानमध्ये 'हय्या अला' अशी हाक असते. त्या दोन शब्दांवरून 'ती हाक देणं' याला जो एक शब्द घडला, त्यात ही जोडी सापडते.

दुसरा नियम आणखी उपयोगी. चार किंवा पाच अक्षरी धातूत रे, लाम, नून, फे, बे, मीम या सहा सुळसुळीत अक्षरांपैकी एखादं तरी असतंच. नसेल तर शब्द अरबी नाही, बाहेरचा आहे किंवा कुणीतरी पाहुण्यांना चकवायला रचलेला आहे. 'अस्जद' म्हणजे सोनं, यासारखे मोजके अपवाद त्याने स्वतःच नोंदले. थोडक्यात, खोटं नाणं वाजवून बघायची ही पद्धत.

तिचा वापर कसा होई? एका बदाऊनाला कुणी विचारलं, तुझी उंटीण कुठे आहे? तो म्हणाला, हुअखुअ चरायला सोडली आहे. (हा शब्द वेगवेगळ्या ग्रंथांत वेगवेगळ्या रूपांत सापडतो, आणि उच्चारून पाहिलात तर का ते कळेल.) घशातली अक्षरं एकावर एक रचलेला हा शब्द खलीलच्या कानाला भयंकर वाटला. मग जाणकारांना विचारलं गेलं, त्यांनीही असा शब्द असल्याचं नाकारलं. पुढच्या काळात साहित्यशास्त्राच्या पुस्तकांत कर्णकटू शब्दाचं ठेवणीतलं उदाहरण म्हणून बिचाऱ्या उंटिणीचा हा चारा अमर झाला.

कोश नक्की खलीलचाच?

याविषयी जुन्या विद्वानांचंही एकमत नव्हतं. खुरासानमध्ये राहणारा त्याचा शिष्य अल्-लैस याने ग्रंथ पुरा केला, असं बहुतेक मानतात. किती भाग गुरूचा आणि किती शिष्याचा, यावर भांडण. दहाव्या शतकातला कोशकार अल्-अझहरी तर लैसवर चांगलाच घसरतो, आणि स्वतःच्या कोशासाठी क्रम मात्र हाच घेतो. योजना खलीलची, भरणा बराचसा लैसचा, असं धरून चालायला हरकत नाही.

मग ही पद्धत टिकली का नाही?

कारण शब्द सापडत नाही! 'बरकत' हा शब्द शोधायचा आहे असं समजा. आधी धातू काढा: बे-रे-काफ (हा साधा काफ). त्यांतलं सर्वांत खोल अक्षर कोणतं? काफ. म्हणजे काफच्या प्रकरणात जा. मग तीन अक्षरी धातूंचा विभाग. मग खोलीच्या क्रमाने काफ-रे-बे. आणि मग त्या सहा अदलाबदलींत आपली कोणती ते पाहा. ज्याला उच्चारस्थानांचा क्रम तोंडपाठ नाही त्याने पुस्तक मिटून शेजाऱ्याला विचारावं, ते लवकर होईल.

तरी अडीचशेएक वर्षं मातब्बर कोशकार याच वाटेने गेले. अकराव्या शतकात अंदलूसमध्ये, म्हणजे मुस्लिम स्पेनमध्ये, इब्न सीदाने आपला कोश याच क्रमाने रचला. तो अंध होता. तोंडातली वाट त्याला कागदावरच्या क्रमापेक्षा जवळची वाटली असेल का, हा विचार माझ्या मनात येतो, पण तो माझाच. त्याच्याआधीच इब्न दुरैदने खलीलच्या अदलाबदली ठेवून क्रम मात्र अलिफ-बे-तेचा घेतला होता. जौहरीने धातूच्या शेवटच्या अक्षरावरून लावणी केली. यमक जुळवणाऱ्या कवींची त्यात सोयही झाली.

चौदाव्या शतकाच्या आरंभी वारलेला इब्न मंझूर, ज्याचा 'लिसान अल्-अरब' आजही प्रमाण मानतात, त्याने या जुन्या क्रमाविषयी प्रस्तावनेत तक्रार केली आहे. तिचा आशय असा, की लोकांना गोड पाण्याच्या काठावर आणून तिथूनच हुसकावलं, हिरवं कुरण शोधून दिलं आणि चरायला मनाई केली. तो स्वतः जौहरीच्या वाटेने गेला. अठराव्या शतकात अवधमधल्या बिलग्रामला जन्मलेल्या मुर्तजा अल्-झबीदीने कैरोमध्ये बसून 'ताज अल्-अरूस' हा प्रचंड कोश लिहिला, तोही शेवटच्या अक्षराच्याच क्रमाने.

आजचे शाळेतले अरबी कोश पहिल्या अक्षरावरून लावलेले असतात आणि ऐन पुन्हा अठरावा झाला आहे. खलीलचा तो खण त्यात फुटला. किल्ला खोल काफच्या पानांवर गेला, मध्ये गैन आणि फे ही दोन अक्षरं आली. अक्कल आणि तालुका मात्र अजून ऐनमध्येच आहेत, थोडी पानं उलटावी लागतील एवढ्याच अंतरावर.